रोजच्या वापरासाठी मधल्या आकाराची पिकअप कशी निवडावी

खेड्यात पिकअप घ्यायचे ठरले की घरातला पहिला प्रश्न असतो, "किती माल घेते?" प्रश्न रास्त आहे, पण गाडी काठोकाठ भरून चालण्याचे दिवस मोजायला बसलो तर ते फार थोडे निघतात. सोयाबीन निघाल्यावरचा आठवडा, कापूस जिनिंगवर नेण्याच्या तीन-चार फेऱ्या, तुरीच्या एक-दोन, आणि जूनमधली खताची आणि बियाण्याची धावपळ एवढेच ते दिवस. उरलेले वर्षभर तीच गाडी वावरात चक्कर मारते, जनावरांच्या ढेपेची दोन पोती आणते, मुलीला तालुक्याच्या कॉलेजात सोडते आणि आईला दवाखान्यात नेते, म्हणजे जवळजवळ रिकामीच चालते. पिकअपची बांधणी मात्र ओझ्यासाठी केलेली असते, आणि रोजच्या वापरातल्या बहुतेक तक्रारी या विसंगतीतूनच निघतात.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात शेती करतो. गाडी पाहायला निघालो तेव्हा आमच्या ओळखीच्या मिस्त्रीने एवढेच सांगितले होते, "भाऊ, भरलेली गाडी कोणतीबी दबून चालते. तुम्ही खाली चालवून पाहा, मंग बोला." आमच्याकडे 'खाली' म्हणजे रिकामी. पुढचा सगळा हिशेब मी याच सल्ल्याच्या आधारे मांडला आहे.

आधी वही घ्या, मग शोरूम गाठा

निदान एक महिनाभर घरातल्या प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी. कुठे गेलो, किती किलोमीटर, सोबत किती माणसे होती आणि काय सामान होते, एवढे चार रकाने पुरतात. हंगामाचा महिना आणि उन्हाळ्यातला महिना यांत फार फरक असतो, म्हणून जमल्यास दोन्ही काळांतल्या नोंदी कराव्यात. माझ्या वहीत बहुतेक फेऱ्या तीन-चार किलोमीटरच्या निघाल्या, माणसे एक किंवा दोन, आणि सामान म्हणजे फवारणीचा पंप, पाण्याची कॅन, विळा-खुरपे. मोठे ओझे महिन्याकाठी दोनदाच झाले. ही वही समोर नसती, तर मी नक्कीच गरजेपेक्षा दीडपट मोठी गाडी घेतली असती.

हंगामातल्या मोठ्या मालासाठी भाड्याची गाडी किंवा ट्रॅक्टर-ट्रॉली गावातच मिळत असेल, तर त्या आठ-दहा फेऱ्यांचे भाडे वहीतच लिहून ठेवावे. स्वतःची मोठी गाडी वर्षभर पोसण्याच्या खर्चापुढे ते बहुधा किरकोळ ठरते.

बाजारात काय आहे

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला सिंगल कॅबचा. महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटाची योद्धा, अशोक लेलँडचा दोस्त ही त्यातली नेहमीची नावे. पुढे दोन-तीन माणसे आणि मागे लांबलचक हौदा अशी त्यांची रचना असते. दुसरा प्रकार डबल कॅबच्या कामाच्या गाड्यांचा. बोलेरो कॅम्पर आणि योद्धाची क्रू कॅब यात येतात. पाच माणसे बसतात, हौदा आखूड होतो आणि बांधणी साधी असते. तिसरा प्रकार इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स यांचा. व्ही-क्रॉस भारतात २०१६ मध्ये आली, हायलक्स २०२२ मध्ये. आतून त्या मोटारीसारख्या सजवलेल्या आहेत आणि फोर बाय फोरची, म्हणजे चारही चाकांना ओढ देण्याची, सोय त्यांत मिळते, पण त्यांची किंमत दुसऱ्या प्रकारातल्या गाडीच्या अडीच-तीनपट पडते.

टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, मी यात धरलेला नाही. गावातल्या गावात माल वाहायला त्याच्यासारखे वाहन नाही, पण घरच्या चौघांना घेऊन अमरावतीला जाऊन यायचे असेल तर तो त्या कामाचा नाही.

पाटीचा रंग

रंग, सीट आणि म्युझिक सिस्टिम यांच्या आधी ठरवायची गोष्ट म्हणजे नंबरप्लेट पांढरी की पिवळी. गावात यावर सर्वांत कमी बोलले जाते आणि सर्वांत जास्त पस्तावा याच बाबतीत होतो.

पिवळी पाटी म्हणजे मालवाहू परिवहन वाहन. अशा नव्या गाडीला पहिली दोन वर्षे फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला, असतो, त्यानंतर गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. एकूण भारासह वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्यावर गेले की परमिट आले. सिंगल कॅबच्या अनेक गाड्यांचे एकूण वजन या रेषेच्या आसपास असते. त्यामुळे एकाच गाडीच्या दोन प्रकारांपैकी एकाला परमिट लागते आणि दुसऱ्याला लागत नाही, असेही होऊ शकते. विक्रेत्याच्या तोंडी सांगण्यावर न जाता तो आकडा माहितीपत्रकात स्वतः वाचावा.

पांढरी पाटी म्हणजे खासगी वाहन. नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते आणि मध्ये फिटनेसची यातायात नसते. मात्र एकरकमी कर गाडीच्या किमतीच्या टक्केवारीने लागतो आणि महागड्या गाडीवर तो चांगलाच जाणवतो. व्ही-क्रॉस आणि हायलक्स खासगी म्हणून नोंदवता येतात. कामाच्या गाड्या बहुधा पिवळ्या पाटीवरच मिळतात. पांढऱ्या पाटीच्या पिकअपमधून स्वतःच्या घरचा माल नेता येतो, पण शेजाऱ्याचा कापूस भाडे घेऊन नेता येत नाही. "डिझेलपुरते पैसे घेतले" हे कारण अपघातानंतर विमा कंपनी ऐकून घेत नाही. गाडीने दोन पैसे कमवावेत अशी इच्छा असेल तर मुकाट्याने पिवळी पाटी घ्यावी.

रस्त्यावरही फरक पडतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, मालवाहू वाहनांना ८० ची. राष्ट्रीय महामार्गांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला वार्षिक फास्टॅग पास फक्त खासगी कार, जीप आणि व्हॅनसाठी आहे, आणि तो समृद्धीवर चालत नाही. नागपूरला वरचेवर जाणाऱ्याने हे दोन्ही मुद्दे हिशेबात धरावेत.

परवान्याची काळजी मात्र आता उरलेली नाही. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे परिवहन वाहनही चालवू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे.

आणि पाटी कोणत्याही रंगाची असो, हौद्यात माणसे बसवू नयेत. वेचणीच्या दिवसांत बाया हौद्यात बसून वावरात जातात हे दृश्य आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. गाडी उलटली तर हौद्यातल्या माणसाला धरायला काही नसते, आणि मालवाहू गाडीच्या विम्यात अशा प्रवाशाला जागाही नसते. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी विम्यात येतो, पण त्याने कॅबिनमधल्या सीटवर बसायचे असते. मजूर नियमित न्यायचे असतील तर त्यासाठी वेगळी प्रवासी गाडीच लागते.

वजनाचा खरा हिशेब

जाहिरातीतला 'टन' बाजूला ठेवावा. माहितीपत्रकात दोन आकडे शोधावेत, एकूण भारासह वजन आणि रिकामे वजन. त्यांच्यातला फरक म्हणजे गाडीवर चढणारे सगळे ओझे, आणि त्यात माणसेही आली. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे रिकाम्या वजनात चालकसुद्धा धरलेला नसतो.

उदाहरणापुरती अशी गाडी घेऊ, जिचे एकूण वजन २,९०० किलो आणि रिकामे वजन २,१०० किलो आहे. फरक ८०० किलोचा. सरासरी ६५ किलोची पाच माणसे बसली की ३२५ किलो गेले. हौद्यावर लोखंडी जाळी आणि मागे जड बंपर बसवला तर आणखी ७५ किलो गेले. उरले ४००. युरियाची गोणी ४५ किलोची असते, म्हणजे आठ गोण्यांतच गाडी भरली. डीएपीच्या ५० किलोच्या गोण्या घेतल्या तरीही आठच. डबल कॅब घेणाऱ्याने हे गणित शोरूममध्येच कागदावर करावे, कारण मोठा हौदा पाहून वाटते तेवढे ओझे तो कायद्याने घेऊ शकत नाही. जास्त भार आढळल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे.

वजनाइतकीच आकारमानाचीही पंचाईत असते. कापूस जागा खातो. हौदा गच्च भरला तरी वजन फारसे होत नाही. त्यामुळे आखूड हौद्याच्या गाडीतून कापूस नेणे म्हणजे डिझेल जाळणे. संत्र्याच्या प्लास्टिक क्रेट डबल कॅबच्या साधारण दीड मीटरच्या हौद्यात एका थरात सात-आठ बसतात, त्यामुळे मृग बहाराची तोड वाहायला ती पुरत नाही, पण घरची आणि पाहुण्यांची संत्री मजेत येतात. स्प्रिंकलरचे पाइप ही खरी अडचण आहे. ते वीस फुटी असतात आणि गाडीची सबंध लांबी सतरा-साडेसतरा फूट. हौद्याबाहेर लटकणाऱ्या ओझ्यासाठीही त्याच कलमात वेगळा दंड आहे. पाइप इकडून तिकडे हलवायचे असतील तर आपली जुनी बैलबंडीच बरी.

दोरी घेऊन गल्लीत फिरा

व्ही-क्रॉस आणि हायलक्स या दोन्ही गाड्यांची लांबी ५.३ मीटरच्या आसपास आहे. तेवढ्या लांबीची दोरी कापून तिच्या दोन्ही टोकांना दोघांनी उभे राहावे आणि घराच्या फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंत चालत जावे. वळणावर मागचा माणूस भिंतीला लागतो का, मारुतीच्या पाराजवळ दोघांना एका दमात वळता येते का, हे तिथल्या तिथे कळते. आमच्या गल्लीत एका ओट्याच्या कोपऱ्यावर मागचा माणूस दरवेळी अडकत होता. ओटा काकांचा, त्यामुळे तो फोडण्याचा प्रश्नच नव्हता. गाडी गोठ्याच्या बाजूने आत घ्यायची हे तेव्हाच ठरले आणि त्यासाठी फाटक दोन फूट सरकवले. हा खर्चही गाडीच्या किमतीतच धरावा.

इंजिन: छोट्या फेऱ्यांचा धोका

एप्रिल २०२० पासून विकली जाणारी डिझेल गाडी बीएस-६, म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या कडक मानकाची, असते. अशा गाड्यांच्या धुराड्यात सहसा काजळी अडवणारा एक फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळण्यासाठी धूर पुरेसा तापावा लागतो, आणि तो तापतो गाडी काही वेळ सलग वेगात चालल्यावर. घर ते वावर तीन किलोमीटर, तेही पांदण रस्त्याने दुसऱ्या गिअरमध्ये, असा दिनक्रम असेल तर फिल्टर भरत जातो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिवा दिसल्यावर गाडी दारात उभी ठेवून रेस करण्याची पद्धत सोडावी. माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी महामार्गावर एकसारख्या वेगाने वीसेक मिनिटे चालवून आणावी. आठवड्यातून एकदा तालुक्याच्या पुढे जाणे होत असेल तर हा प्रश्न बहुधा उभाच राहत नाही. ज्याच्या सगळ्या फेऱ्या गावापुरत्याच आहेत, त्याने सीएनजीचा पंप जवळ आहे का हे पाहून त्या प्रकारातली पिकअप विचारात घ्यावी.

काही गाड्यांना धूर स्वच्छ करण्यासाठी डीईएफ नावाचे द्रावणही लागते. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो खरा, पण तो शुद्ध असतो. घरात खताचा युरिया पडला आहे म्हणून तो पाण्यात विरघळवून टाकीत ओतू नये. संपूर्ण यंत्रणा निकामी होते.

ताकदीचे आकडे मी फार मनावर घेत नाही. बोलेरो पिकअपच्या इंजिनाची ताकद साधारण ७५ अश्वशक्ती आहे, व्ही-क्रॉसची १६३ आणि हायलक्सची २०४. पहिली भरलेली असतानाही वावरातून सहज निघते, कारण तिचे गिअर त्याच कामासाठी बसवलेले असतात. दुसऱ्या दोघींचा फायदा कळतो तो महामार्गावर ट्रक ओलांडताना. तेव्हा पुन्हा वहीकडे पाहावे आणि महामार्गाच्या फेऱ्या किती आहेत ते मोजावे.

काळी माती आणि चार चाकांची ओढ

पिकअप रिकामी असली की मागच्या चाकांवर वजन नसते, आणि साध्या पिकअपला ओढ देतात ती मागचीच चाके. त्यामुळे पावसाळ्यात कपाशीच्या वावराजवळच्या पांदणीत जिथे मोटारसायकल कशीबशी निघते, तिथे रिकामी पिकअप जागच्या जागी चाके फिरवत बसते. काळी माती टायरच्या खाचांत भरते, खाचा बुजल्या की टायर गुळगुळीत होतो, आणि त्यानंतर चाक जितके फिरवावे तितके खोल जाते.

फोर बाय फोरचा उपयोग इथे आहे, पण तो जपून करावा. या गाड्यांतली व्यवस्था गरजेपुरती वापरायची असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून वळणे घेतली तर यंत्रणेवर ताण येतो. चिखल सुरू होण्याआधी ती लावावी, रुतल्यावर नव्हे. आणि गुडघाभर रेगडीत फोर बाय फोरही रुतते, तेव्हा ट्रॅक्टर बोलावण्याला पर्याय नसतो. वर्षातले फार तर वीस दिवस चिखलात जायचे असेल, तर त्या सोयीसाठी लाखभर रुपये जास्त मोजण्यापेक्षा गाडी रस्त्यावर ठेवून पायी वावरात जावे असे माझे मत आहे. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांतून किंवा गडचिरोलीत नाल्यांतून ज्यांना रोज जायचे आहे, त्यांचा हिशेब वेगळा.

चाचणी कशी घ्यावी

शोरूमच्या पोऱ्याने गुळगुळीत रस्त्यावर दहा मिनिटे फिरवून आणले, याला चाचणी म्हणू नये. गाडी रिकामी मागावी आणि चार ठिकाणी चालवावी: खड्ड्यांचा डांबरी रस्ता, ओळीने स्पीड ब्रेकर असलेले गाव, कच्ची वाट आणि अरुंद गल्ली. मागच्या सीटवर घरातले सर्वांत वयस्कर माणूस बसवावे. डबल कॅबमध्ये मागच्या सीटची पाठ बहुधा सरळ उभी असते, आणि पाट्यांच्या स्प्रिंगवरची रिकामी गाडी मागे उडते. माझ्या आईने पाचव्या ब्रेकरनंतर, "मी बसनंच बरी," असे जाहीर केले आणि एक गाडी यादीतून गेली. तिच्याइतका स्पष्ट अभिप्राय मला कुठल्याही परीक्षणात वाचायला मिळाला नाही.

चाचणीपूर्वी मागच्या टायरमधली हवा तपासावी. दाराच्या चौकटीवरील पट्टीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी हवेचे वेगवेगळे आकडे दिलेले असतात. भरलेल्या गाडीची हवा ठेवून रिकामी चालवली तर चांगली गाडीही दगडासारखी वाटते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता चाचणी घेता आली तर आणखी चांगले. अकोला, चंद्रपूर, वर्धा भागात पारा ४५ अंशांवर जातो, आणि मागच्या सीटपर्यंत एसीची हवा पोहोचते का हे त्याच वेळी कळते. रात्री हेडलाइटही पाहावेत, कारण रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर वळणावर अचानक समोर येतात. त्यांच्या भीतीने पुढे लोखंडी गार्ड बसवण्याचा मोह होतो, पण त्याला बंदी आहे.

सर्व्हिस सेंटर किती लांब आहे हे चाचणीच्याच दिवशी पाहून यावे. बोलेरोचा मिस्त्री प्रत्येक तालुक्यात आहे. महागड्या गाडीसाठी नागपूर गाठावे लागत असेल तर प्रत्येक सर्व्हिसला एक दिवस आणि दोन माणसांचे जाणे-येणे जाते.

जुनी गाडी घेताना

जुन्या पिकअपने आधीच्या मालकाकडे काय वाहिले हे विचारावे. रेती किंवा गिट्टी वाहिलेली गाडी घेऊ नये. खाली झोपून चेसिसवर वेल्डिंगचे डाग आणि पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये नंतर घातलेल्या जादा पाट्या शोधाव्यात. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवण्यासाठी फॉर्म ३५, आणि हस्तांतरणासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन "नंतर करून देतो" असे सांगणाऱ्याकडून मी एकदा फसलो आहे; तेव्हापासून हस्तांतरणाचा अर्ज दाखल झाल्याशिवाय पूर्ण पैसे देत नाही. सिंगल कॅब कापून डबल केलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी तिच्या वाटेला जाऊ नये.

घरी आणल्यावर

कर्जाचे हप्ते महिन्याचे की सहामाही हे आधीच ठरवून घ्यावे. शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो दिवाळीपासून मार्चपर्यंत. गाडी ढेपेच्या कोठ्याजवळ उभी करू नये, कारण ढेपेला आलेले उंदीर रात्री इंजिनात शिरून वायर कुरतडतात. बॉनेट दर दोन-तीन दिवसांनी उघडून पाहावे. डिझेल कॅनमध्ये साठवून वापरत असाल तर फिल्टरमधले पाणी सोडण्याचा नळ कुठे आहे हे मिस्त्रीकडून शिकून घ्यावे.

माल भरताना जड पोती मागच्या ॲक्सलच्या पुढे, कॅबिनच्या भिंतीला लावून ठेवावीत. मागच्या फळीकडे ओझे गेले की गाडीचे तोंड उचलले जाते आणि स्टिअरिंग हलके पडते. पावसाळ्यात मात्र हौदा अगदीच रिकामा ठेवू नये. मृगाचा पाऊस पडला की आम्ही रेतीची तीन पोती मागच्या ॲक्सलच्या वर आडवी ठेवतो आणि हौद्याच्या कड्यांना दोराने आवळून बांधतो, म्हणजे अचानक ब्रेक लावल्यावर ती पुढे येत नाहीत. रेती ओली झाली की वजन वाढते, म्हणून ती ताडपत्रीत गुंडाळलेली असतात. सोयाबीनच्या पहिल्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी ती उतरवून गोठ्याच्या भिंतीशी रचून ठेवतो.